एका ताडपत्रीवरचा भुसा

१

चहाला उकळी फुटली की माझ्या दारात माणूस उभा राहतो, हे माझं नशीबच आहे. त्या दिवशी प्रेमदास उभा होता. तांड्यावरचा, हिंगोलीच्या मोंढ्यात टेम्पो चालवणारा, एरवी गरीब पोरगा. पण त्या सकाळी त्याच्या नाकपुड्या फुगल्या होत्या.

"पाटीलबाई, उठा. आमच्या धिंगरीत जहर घातलंय."

"आधी बस. चहा घे."

"चहा काय घेता! मी ठाण्यात चाललो. म्हणलं, आधी तुमाला सांगावं."

हे 'आधी तुमाला सांगावं' ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी बेबीबाई, या गावाची पोलीस पाटील. कुणी शेताचा धुरा कोरला, कुणाची शेळी मिरच्या खाऊन गेली, कुणाच्या सुनेनं सासूला उलट उत्तर दिलं, सगळं आधी मला. गुडघे गेले, केस गेले, झोप गेली. लोकांची भांडणं तेवढी राहिली.

"कोणी घातलं जहर?"

"अफसानानं."

मी चहाचं भांडं खाली उतरवून ठेवलं. अफसानाचं नाव ऐकल्यावर चहा गोड लागणार नव्हता.

अफसाना म्हणजे खाजा मियाची पोरगी. खाजा मिया गावात भुशा-कडब्याचा धंदा करतो. नवरा वारल्यापासून पोरगी माहेरी होती, घरातल्या घरात कोमेजून चालली होती. प्रेमदासची बायको संगिता तिची शाळेतली मैत्रीण. दोघींनी हिंगोलीला संध्याताईंकडं धिंगरी पिकवायचं शिक्षण घेतलं. धिंगरी म्हणजे घरात, भुशाच्या पिशवीत येणारी अळंबी. तांड्यावर संगिताच्या मागच्या खोलीत दोघींनी निम्म्या निम्म्या पिशव्या टांगल्या. खाजा मियानं लेकीला उंबरा ओलांडू दिला तो माझ्या शब्दावर. "पाटीलबाई, उद्या एक बोट तिच्याकडं उठलं तर ती परत दाराबाहेर दिसणार नाही," असं तो मला तोंडावर म्हणाला होता.

आणि आता हा प्रेमदास बोट उठवून उभा होता.

तांड्यावर गेले. खोलीत अंधार आणि ओल. डाव्या बाजूच्या पिशव्या कापूस भरल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र, छिद्रांतून गुबगुबीत धिंगरी डोकावत होती. उजव्या बाजूच्या पिशव्या मात्र काळवंडलेल्या, आणि त्यांच्यातून बारीक दांड्याच्या, काळ्या टोपीच्या मरतुकड्या छत्र्या निघालेल्या. काही तर शाईसारख्या वितळून खाली गळत होत्या. जवळ गेले तर असा वास की डोळ्यांतून पाणीच आलं.

"डावीकडच्या तिच्या," प्रेमदास म्हणाला. "उजवीकडच्या आमच्या. भुसा एक, पाणी एक, बी एक, खोली एक. मग तिचं सोनं अन् आमची माती, हे कसं?"

मी दोन्हीकडच्या पिशव्या पुन्हा एकदा निरखल्या.

"अजून ऐका. पिशव्या भरल्या त्या दिवशी आमचा भुसा अंगणात उघडा होता, तवा तिथं अफसाना एकटीच होती."

२

संगिता चुलीपुढं बसली होती. डोळे सुजलेले. मी पाटावर बसले, म्हणजे अर्धी बसले आणि अर्धी पडले.

"रडणं नंतर. भुसा कसा केला ते पहिल्यापासून सांग. काहीही सोडू नको."

कामाचं विचारलं तशी ती जरा सावरली.

"मावशी, भुसा खाजाचाचाकडूनच आणला. गव्हाचा. नवा, पिवळाधमक, पावसात न भिजलेला. काळा पडलेला, कुबट वासाचा घेतला की आधीच घाण वाढते, असं संध्याताईनं सांगितलं होतं. नुसता गव्हाचा घेतला तर पीक बेताचं येतं, म्हणून त्यात मळणीत निघालेलं सोयाबीनचं कुटार घातलं. तीन टोपल्या भुसा, एक टोपलं कुटार."

"सगळंच कुटार का न्हाई घेतलं? घरोघरी पडलंय."

"त्याच्या शेंगांची टोकं पिशवीला भोकं पाडतात. अन् नुसतं कुटार लवकर सडते. तुरीचं टणक, कपाशीची पऱ्हाटी तर लाकूडच. म्हणून हे दोन."

"मग?"

"रातभर पोत्यात भरून थंड पाण्यात ठेवलं. सकाळी हळद शिजवायच्या ड्रमात गरम पाणी केलं, बोट घातलं की झटक्यात ओढावं लागल इतकं गरम. त्यात पोती बुडवली. मग अंगणात ताडपत्री धुऊन तिच्यावर सगळा भुसा पसरला. मूठ आवळली की हात ओला व्हावा, पण थेंब पडू नये, इतका निथळला पाहिजे. मधी मी बोटानं रेघ ओढली. इकडचं माझं, तिकडचं तिचं."

"एकाच ताडपत्रीवर?"

"एकाच. तवा कुठं माहीत होतं, असं व्हईल म्हणून." तिनं पदराला नाक पुसलं. "अफसाना तिच्या पिशव्या भरायला लागली अन् मला रेशनच्या अंगठ्याला जावं लागलं. मशीनला माझा अंगठाच पटंना. उन्हं कलल्यावर आले. अफसाना घरी गेली होती. माझा भुसा तिनं कापडानं झाकून ठेवला होता. मी घाईघाईनं बी पेरत पिशव्या भरल्या."

"भरताना वास नाही आला?"

"आला जरासा. पण बाजूला गोठा हाय मावशी, तिथं काय अत्तराचा वास येणार?"

"आणि तुला काय वाटतं? अफसानानं केलं?"

ती चुलीकडं बघत राहिली. लाकूड आत सारलं, बाहेर ओढलं. "मला काय कळते. हे म्हणतात तसं असंल."

मला तिचा राग आला. शाळेपासूनची मैत्रीण, एका डब्यात जेवलेली, आणि हिच्या तोंडून 'न्हाई' हा एक शब्द निघेना! पण राग करायलाही अंगात जीव लागतो. मी फोन काढला आणि संध्याताईंना लावला. काळ्या छत्र्यांचं वर्णन ऐकून त्या लगेच म्हणाल्या, "ती उकिरड्यावरची जात आहे हो. भुशात युरिया नाहीतर तसलं तिखट खत गेलं की हमखास येते. डोळ्यांना वास झोंबतो ना? मग तेच. साध्या भुशात धिंगरी तिला वर येऊ देत नाही."

प्रेमदास मागं उभा राहून ऐकत होता. "ऐकलं? युरिया! कोणीतरी टाकल्याशिवाय आला का?"

आणि दाराबाहेरच्या बाजेवरून त्याच्या आईचा, मोतीबाईचा आवाज आला.

"म्या पाह्यलं. खाजा मियाच्या पोरीनं आमच्या भुशावर मूठ मूठ भुरभुरलं. या डोळ्यानं पाह्यलं."

३

मोतीबाई म्हणजे तांड्यातलं वजनदार माणूस. हातभर बांगड्या, जीभ त्याहून लांब. सुनेच्या या धंद्यावर तिचा पहिल्यापासून राग. कुत्र्याच्या छत्र्या घरात कोण वाढवतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

"काय भुरभुरलं?" मी विचारलं.

"पांढरं. पिशवीतून काढून टाकलं अन् हातानं कालवलं. मग झाकलं, अन् गेली."

"तू का नाही हटकलं?"

"मी बाजेवर पडले होते. कंबर धरली होती. अन् ते त्यांचं रोजचंच की, हे टाक, ते शिंपड. मला काय ठावं युरिया हाय म्हणून?"

"युरिया होता हे तू पाहिलंस?"

"पांढरं होतं," मोतीबाई ठासून म्हणाली.

मला तिचाही संशय होताच. भुशाला गोठ्यासारखा वास येतो म्हटल्यावर मी सरळ विचारलं, "खरं सांग, तूच गोमूत्र शिंपडलं नाहीस ना? घर शुद्ध करायला?"

"गोमूत्राला गाय लागते, पाटीलबाई. आमच्या दावणीला बैल हाय, लाख्या, तोबी म्हातारा." ती फणकारली. "त्या दिवशी तर मी उठलेच न्हाई. आमच्या म्हाताऱ्याला, प्रेमदासच्या बापाला, भाकरीला हाका मारून मारून दमले, तो गोठ्यातून हालंना. लाख्यानं वैरणीला तोंड लावलं म्हणून खुशीत होता."

"का? एरवी खात नव्हता?"

"दात गेलेत त्याचे. जनावरांच्या दवाखान्याच्या साहेबांनी तांड्यावर येऊन त्याच्यासाठी काय काय औषधी चारा करून दिला. कशाचं काय, लाख्यानं वासबी घेतला न्हाई. प्रेमदास म्हणतो, जवळा बाजारच्या हाटात नेऊन विकून टाकू. म्हाताऱ्यानं तवापासून पोराशी बोलणं टाकलं."

मला त्या घरच्या बैलाच्या दुखण्यात रस नव्हता. माणसांचीच इतकी होती. मी उठले, गोठ्याच्या कडेनं निघाले आणि दगडाला ठेचकाळले. एक निळी प्लास्टिकची पन्नी जमिनीवर चुरगळून पडली होती आणि तिच्यावर कुणीतरी कडेनं मोठमोठे दगड ठेवले होते. पन्नीखाली काही नव्हतं. अंगठ्याचं नख दुखावलं, आणि मी त्या दगडाला काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

आत प्रेमदासचा बाप थावरा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभा होता. मला पाहून त्यानं मान हलवली, पण 'लागलं का' असंही विचारलं नाही. थावरा असा नव्हता. दुसऱ्याच्या पायात काटा मोडला तर स्वतः काढायला बसणारा माणूस.

माझं लक्ष त्या वेळी माझ्या अंगठ्याकडं होतं. प्रेमदास मागून म्हणाला, "चला आता खाजा मियाकडं. तिच्याच तोंडून ऐका."

"तू इथंच थांब," मी म्हणाले. "तिकडं मी एकटी जाईन."

४

बातमी माझ्या आधी पोचली होती. खाजा मियाच्या अंगणात भुशाचे ढीग आणि मधे तो, हातात तराजूचा दगड धरून नुसता बसलेला.

"पाटीलबाई, माझ्या भुशात गल्लत असंल तर मला सांगा," तो म्हणाला. "हळदीच्या ड्रमात गरम केला म्हणतात. हळदीनं तर बुरशीच मरते. त्यानं खराब झालं असंल."

"ड्रम दोघींचा एकच होता, खाजाभाई. अफसानाच्या पिशव्या पांढऱ्याशुभ्र आहेत."

त्यानं तराजूचा दगड खाली ठेवला. माणूस हुशार, त्याला कळलं की त्याच्या भुशाला सोडवता सोडवता दोर लेकीच्याच गळ्याकडं चालला आहे.

"तुमी शब्द दिला होता," एवढंच तो म्हणाला.

आत गेले. अफसाना भांडी घासत होती. घासून झालेली भांडी पुन्हा घासत होती. तिची आई मदीनाबी कोपऱ्यात तसबीचे मणी ओढत बसलेली. घरात कुणी वारल्यासारखी शांतता.

"अफसाना, संगिताच्या भुशावर तू काही टाकलंस?"

मला वाटलं, ती नाही म्हणेल. खोटं बोलली असती तर मी पकडलं असतं, खरं बोलली असती तर सोडवलं असतं. पण तिनं हात धुतले, ओढणीला पुसले आणि म्हणाली, "टाकलं."

मदीनाबीची तसबी थांबली.

"काय टाकलं?"

"बी. माझ्या वाटचं उरलं होतं. धिंगरीचं बी म्हणजे गव्हाचे दाणे असतात मावशी, त्यांच्यावर पांढरी बुरशी चढवलेली. माझ्या पिशव्या भरून झाल्या अन् अर्धी पुडी राहिली. म्हणलं संगिताचा भुसा पसरलेलाच हाय, जास्तीचं बी पडलं तर तिच्या पिशव्या लवकर भरतील. तिला पैल्यांदाच जमत होतं, घाबरत होती. म्हणून तिच्या बाजूला पेरून, कालवून, झाकून आले."

"तिला सांगितलंस?"

"संध्याकाळी सांगणार होते. मग म्हणलं, काहून सांगायचं? पीक चांगलं आलं की ती आपोआप खूश व्हईल."

"पुडी कुठं आहे?"

"जाळली. प्लास्टिक होतं, चुलीत टाकलं."

पुरावा चुलीत. साक्षीदार बाजेवर. आणि पोरगी स्वतःच्या तोंडानं 'टाकलं' म्हणते. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मदीनाबीनं मला पाणी दिलं.

"तिनं काय म्हणलं?" अफसानानं विचारलं. "संगितानं?"

"ती रडतेय."

"रडू दे. पण काय म्हणलं?"

मी पाणी प्यायले. उत्तर दिलं नाही, आणि तिला ते मिळालं.

बाहेर खाजा मिया उभा होता. "आता ती बाहेर जाणार न्हाई, पाटीलबाई. प्रेमदास ठाण्यात जावो, न जावो. आमच्यासाठी हे संपलं."

५

घरी जाऊन पडावं असं फार वाटत होतं. पण पडले असते तर उठले नसते. वाटेत एक गोष्ट मात्र डोक्यात खडा टोचावा तशी टोचायला लागली. अफसानानं खरंच बी टाकलं असेल, तर त्या भुशात दुप्पट बी गेलं. मग धिंगरीचा एक पांढरा धागाही त्यात नाही, हे कसं? आणि तिनं युरिया टाकला असेल, तर 'टाकलं' हे मान्य करून 'बी' म्हणून सांगण्यापेक्षा 'मी काही टाकलंच नाही' म्हणणं सोपं नव्हतं का? बाजेवर पडलेल्या मोतीबाईशिवाय पाहणारं होतंच कोण!

परत तांड्यावर गेले. प्रेमदासला म्हटलं, "दोन पिशव्या काढ. एक तिची, एक तुमची. आणि एक चादर आण."

अंगणात उन्हात चादर पसरली आणि दोन्ही पिशव्या फाडल्या. तांडा गोळा झाला. तमाशा असला की तांडा काय आणि गाव काय, सारखंच.

अफसानाच्या पिशवीतला भुसा पांढऱ्या जाळ्यात घट्ट बांधलेला. मी बोटांनी सोडवला. गव्हाच्या काड्या, आणि मधेमधे सोयाबीनच्या शेंगांची चपटी टरफलं, काळपट काटक्या. तीन टोपल्यांना एक टोपलं, बरोबर.

मग संगिताची पिशवी. वासानं सगळे मागं सरकले. मी नाकाला पदर लावला आणि उकरायला लागले. गव्हाच्या काड्या, मऊ, तपकिरी. अजून उकरलं. गव्हाच्याच काड्या. तळापर्यंत गेले.

"संगिता, इकडं ये. यात कुटार दाखव मला."

ती वाकली. चाळवलं. पुन्हा चाळवलं. तिचा हात थांबला.

"मावशी, यात कुटारच न्हाई."

"दोघींचा भुसा एकत्र कालवला होता ना?"

"एकत्रच. म्या स्वतः कालवला."

"मग ऐक, प्रेमदास. कुणी भुशावर युरिया टाकला असता, तर युरिया भुशात असता, पण कुटारही असतं. टरफलं काही युरियानं पळून जात नाहीत. तुझ्या पिशवीत जहर घातलेलं नाही. तुझ्या पिशवीत तो भुसाच नाही. ताडपत्रीवरचा भुसा कुणीतरी उचलला आणि दुसराच आणून ठेवला."

"भुसा चोरून दुसरा भुसा ठेवायचा?" प्रेमदास म्हणाला. "असं कोण येडं करल?"

"ज्याला तो भिजलेला, शिजलेला, मऊ भुसाच पाहिजे होता, तो करेल."

मी हे बोलले आणि माझे मलाच शब्द ऐकू आले. मऊ. कुणाला लागतो मऊ भुसा? ज्याला दात नाहीत त्याला.

माझा ठेचकाळलेला अंगठा ठणकत होता. त्या रिकाम्या निळ्या पन्नीखाली काय होतं, ते मी तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

६

गोठ्यात शिरले तेव्हा थावरा गव्हाणीपुढं आडवा उभा राहिला. हात पसरून नाही, नुसता उभा. पण सत्तरीचा माणूस उगाच अंधारात गव्हाणीला पाठ लावून उभा राहत नाही.

"थावरा, बाजूला हो."

"काय न्हाई इथं, पाटीलबाई. शेण हाय."

"माझे गुडघे बघ. मला वाकायला लावू नको. तूच दाखव."

तो हलला नाही. मग लाख्यानंच मान घातली आणि धन्याला बाजूला ढकललं. मी वाकलेच. गव्हाणीखाली, दगडांच्या फटीत, ओलसर अंधारात भुसा सांडून साचला होता. त्यात सोयाबीनची टरफलं होती. आणि त्या भुशातून, गुच्छाच्या गुच्छ, शिंपल्यासारखी पांढरी, टपोरी धिंगरी निघाली होती.

मी बघतच राहिले. त्या अंधारात कुणी पिशवी टांगली नव्हती, कुणी पाणी मारलं नव्हतं. अफसानानं मैत्रिणीसाठी मुठीनं टाकलेलं बी बैलाच्या तोंडून निसटलं, गव्हाणीखाली पडलं आणि तिथं रुजलं. त्या पोरीचा एकुलता एक साक्षीदार तिथं वाढून उभा होता.

"संगिता," मी हाक मारली. "बघ तुझा भुसा. आणि बघ तुझ्या मैत्रिणीनं त्यात काय टाकलं होतं ते."

संगिता आली, वाकली, आणि खाली बसली ती उठलीच नाही.

थावरा बोलायला लागला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

"दवाखान्याच्या साहेबानं गव्हाच्या भुशावर युरियाचं पाणी मारून पन्नीखाली दाबून दिलं होतं. म्हणला, म्हाताऱ्या जनावराला ताकदीचं. पन्नी उघडली तर डोळे जळले. लाख्यानं तोंड फिरवलं. कोरडं त्याला चावंना. त्या दिवशी ताडपत्रीवर वाफाळलेला भुसा दिसला. एक ओंजळ त्याच्यापुढं धरली, तर माझा हातच चाटला त्यानं. किती दिवसानं! सून रेशनला गेली होती. पोरगी झाकून गेली, म्हातारीचा बाजेवर डोळा लागला. म्या घमेल्यानं उचलला अन् पन्नीखालचा तिथं टाकला. दोन्हीबी ओले, दोन्हीबी पिवळे. वळखू कसे येतील?"

"पण टाकलाच कशाला? विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर प्रेमदास म्हणला असता, बैल संपला, चला बाजारला." त्यानं लाख्याच्या पाठीवर हात ठेवला. "अन् खरं सांगू? म्या सुनेचं वाईट न्हाई चिंतलं. साहेब म्हणला होता, याच्यात दुप्पट ताकद हाय. म्हणलं, छत्र्यांना कुठं दात लागतात? त्यांना ताकदीचं देऊ, लाख्याला मऊ देऊ. सुनेचं पीक जोरात येईल. माझ्या मनानं तर म्या तिला चांगलाच माल दिला होता."

जनावरावर जन्म काढलेल्या माणसालाच सुचेल अशी चूक होती ती. जे खाऊन बैल तगडा होतो, ते खाऊन अळंबीही तगडी होईल, असा साधा हिशेब. मला हसूही येईना आणि रडूही.

"आणि पिशव्या काळ्या पडल्यावर? अफसानाचं नाव निघाल्यावर?" मी आवाज चढवला. माझा आवाज चढला की लाख्यासुद्धा कान टवकारतो. "तेव्हा तुला तोंड नव्हतं? तुझ्या बैलासाठी दुसऱ्याच्या लेकीला जहर घालणारी ठरवलंस, थावरा!"

त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि हातात धरून उभा राहिला.

"भ्यालो," तो म्हणाला. "लाख्या जाईल म्हणून भ्यालो."

प्रेमदास दारात होता. त्यानं बापाकडं पाहिलं, बैलाकडं पाहिलं, आणि बाहेर निघून गेला.

७

थावरा स्वतः निघाला. मी म्हटलं, मी सांगते खाजाभाईला, तू कशाला पाय ओढतोस. तो ऐकेना. गव्हाणीखालची धिंगरी त्यानं अलगद काढली, पागोट्याच्या कापडात बांधली आणि उघड्या डोक्यानं गावातून चालत गेला. तांड्यातल्या कुणी थावराला उघड्या डोक्यानं पाहिलं नव्हतं. मागून मी, लंगडत. माझ्या मागून संगिता.

खाजा मियाच्या अंगणात त्यानं गाठोडं ठेवलं आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खाजा मियानं ऐकून घेतलं. मग आतून पाण्याचा तांब्या मागवला आणि थावरापुढं ठेवला.

"जनावरासाठी केलं," तो म्हणाला. "मी वैरण विकणारा माणूस, मला समजतं. पण माझ्या पोरीला जी तकलीफ झाली, ती माझ्या हातात न्हाई माफ करणं. ती तिची तिनं करावी."

अफसाना दारात आली. तिनं थावराला आत बसायला सांगितलं, काका म्हणाली, पागोटं उचलून त्याच्या हातात दिलं. त्याच्यावर तिचा राग नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग संगिता पुढं झाली, तिचा हात धरायला गेली.

अफसानानं हात मागं घेतला.

"काकांना लाख्याची भीती होती," ती म्हणाली. "लाख्या मुका. त्याला बोलता येत न्हाई. तुला काय झालं होतं, संगिता? तुला तर येत होतं."

संगिता उभी राहिली. बोलायला तोंड उघडलं, मिटलं. मी मान दुसरीकडं वळवली. यातला आरोपी कोण, हे लिहायला माझ्याकडं रकाना नाही.

मी खाजा मियाला माझ्या शब्दाची आठवण करून दिली नाही. गरज पडली नाही. पुढच्या खेपेला भुसा तयार करायचा दिवस आला तेव्हा अफसाना तांड्यावर आली. पण येताना काखेत स्वतःची ताडपत्री घेऊन आली. अंगणाच्या त्या टोकाला पसरली. या टोकाला संगिताची. ड्रम एकच, पाणी एकच, भुसा-कुटार एकत्र कालवलेलं, पण निथळायला दोन ताडपत्र्या. "बादली दे." "पाणी पुरे." एवढंच बोलणं. प्रेमदास ड्रमखाली लाकडं सारत होता, आणि दोघींपैकी कुणाच्याही डोळ्याला डोळा देत नव्हता. मोतीबाई बाजेवर बसून पहिल्यांदाच गप्प होती.

मी पायरीवर बसले होते. कुणी बोलावलं नव्हतं. उगाच आले होते.

भुसा निथळला. अफसानानं मूठ आवळून पाहिली, थेंब पडला नाही. पिशव्या भरायच्या आधी तिनं एक टोपलं घेतलं आणि आपल्या ताडपत्रीवरचा मऊ भुसा त्यात भरायला लागली. थावरा गोठ्याच्या दारातून बघत होता, आणि त्याला कळलं होतं टोपलं कुणासाठी आहे ते.

"अफसाना," संगिता म्हणाली. अंगणात सगळ्यांनी ऐकलं. "माझ्यातला घे. सगळ्यांसमोर सांगते, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. तू तसं करणारी न्हाईस, हे मला ठावं होतं. तरी बोलले न्हाई."

अफसानानं ऐकलं न ऐकलं केलं. दोन ओंजळी अजून तिच्याच ताडपत्रीवरून टाकल्या. मग थांबली. अर्धं टोपलं तसंच उचललं, अंगण ओलांडून आली, आणि ते संगितापुढं ठेवलं.

"भर," ती म्हणाली.

संगितानं उरलेलं अर्धं भरलं. मग दोघींनी दोन बाजूंनी कडा धरल्या आणि टोपलं गोठ्यात नेलं.